पुसून दिलेली क्लॅरिनेट

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जात मात्र पहिल्याच दिवशी ओळखली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कर्जत स्टेशनामागच्या हॉलमध्ये एक पेन्शनर गोवेकर गार्डसाहेब दर रविवारी जाझ शिकवायचे. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे एकत्र वाजवायचे. क्लॅरिनेट एकच होती आणि वाजवणारे दोघे. मी शाळामास्तर, आणि तो खालापूरकडचा, इंजिनात कोळसा भरणारा. लग्नात वाजवून वाजवून त्याचा हात तयार झाला होता.

वाजवणं चालू असतानाच त्याची पाळी संपून माझी यायची. गार्डसाहेबांनी वाजवून दिलेली क्लॅरिनेट मी तशीच तोंडाला लावायचो. त्याच्याकडून आली की सगळ्यांदेखत रुमाल काढून पुसायचो. तेवढ्यात ताल पुढे निघून जायचा.

एका रविवारी त्यानंच धुतलेल्या पंच्यानं ती पुसली आणि पुढे केली.

"घ्या गुर्जी, पुसलीय मी. पुसण्यात तुमचा ताल जातो."

बोलण्यात टोमणा नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदाच तालात शिरलो. पहिली टाळी त्याचीच होती. मला दरदरून घाम फुटला होता. रुमाल खिशातच होता, पण तो बाहेर काढायचा धीर झाला नाही.