बीयूनची रजा

तैवानमधल्या काओश्युंगच्या बंदरामागे मोठं इस्पितळ बांधलं जात होतं. त्या साइटवर पाच पुरुष संगणकाला हातही न लावता डिजिटल झाले होते. कागदपत्रांची नवी सिस्टिम त्यांच्याइतकी कोणीच वापरत नाही, असं मुख्य कार्यालयातले तक्ते सांगत. हा चमत्कार करणाऱ्या बाईचं नाव श्यू बीयून.

बीयून साइट ऑफिसातली कागदपत्रं सांभाळायची. ऑफिस म्हणजे एकावर एक रचलेले पत्र्याचे डबे. उन्हाळ्यात आत बसलेला माणूस उकडून निघायचा. बीयूनचं वय सत्तावन्न, केस कानापर्यंत कापलेले, चष्मा गळ्यात आणि जीभ धारदार. साइटप्रमुख च्वांग साहेबांबरोबर ती आधी पुलाच्या कामावर होती, मग बोगद्याच्या, आता इस्पितळाच्या. साहेब जिथे जातील तिथे त्यांचा चहाचा लाकडी ट्रे जायचा, आणि ट्रेमागोमाग बीयून.

जुन्या दिवसांत या पुरुषांचे शिक्के बीयूनच्या खणात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. नाव कोरलेला शिक्का म्हणजे माणसाची सही, त्याचा शब्द, त्याची अब्रू. हे लोक तो बायकोच्या हाती देणार नाहीत, पण ऑफिसातल्या बाईकडे बिनधास्त टाकून सुपारी चघळत बाहेर जातील. कागद आला की बीयून विचारायची, ते मान हलवायचे, ती शिक्का मारायची. कागदात काय आहे ते फक्त बीयूनला ठाऊक, आणि जबाबदारी मात्र शिक्क्याची. सगळे सुखात होते.

मग सिस्टिम आली. तैपेहून एक गोरटेला, इस्त्रीचा सदरा घातलेला मुलगा शिकवायला आला. नकाशे, पत्रं, चाचण्यांचे अहवाल, सगळं एका जागी. कोणी काय कधी पाहिलं याची नोंद आपोआप. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, आणि तो कोणालाही सांगायचा नाही. पाचही जण हाताची घडी घालून ऐकत होते. दोघांचे डोळे मिटलेले होते. जेवणाच्या डब्यात तळलेलं डुकराचं मांस आणि वर अख्खं अंडं होतं, म्हणून हजेरी मात्र पूर्ण.

मुलगा गाडीत बसून गेला, धूळसुद्धा बसली नव्हती, तोच च्वांग साहेब म्हणाले, "छान आहे. बीयून, सगळ्यांचे पासवर्ड तूच ठरव आणि तुझ्याकडेच ठेव."

"कोणाला सांगायचे नाहीत म्हणाला तो."

"मग नको ना सांगूस. आम्हालासुद्धा सांगू नकोस!" साहेब आपल्याच विनोदावर पोट धरून हसले. बाकीचे चौघेही हसले. साहेब हसले की हसायचं असतं.

तिने पाचही जणांना एकच पासवर्ड लावून टाकला. बिस्किटांचा डबा रिकामा झाला नाही, पण डब्याची जागा बीयूनच्या डोक्याने घेतली.

तेव्हापासून रोज चार वाजता साहेबांचा चहा सुरू झाला की बीयून शेजारच्या टेबलावर संगणक उघडून नावं वाचायची. साहेब पेले विसळता विसळता "हं" म्हणायचे. ती बटण दाबायची. त्या "हं"वर सहा मजले उभे राहिले.

आता सिस्टिमवर या लोकांचा विश्वास नव्हता म्हणावं, तर यंत्रावर फार होता. कोपऱ्यातल्या सर्व्हरवर हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवलेला असे. त्या खाऊचं नावच 'शहाणं बाळ'; यंत्रानेही तसंच वागावं म्हणून तिकडे सगळे ठेवतात. पाकीट हिरवंच हवं, फोडलेलं नको, आणि तारीख उलटलेली तर मुळीच नको. ज्या साहेबांनी दोन वर्षांत एक नकाशा उघडला नाही ते आठवड्यातून एकदा वाकून, चष्मा कपाळावर चढवून त्या पाकिटावरची तारीख वाचायचे. "बीयून, हे पुढच्या महिन्यात संपतंय हं! वेळेवर बदल!"

आणि नकाशे? ते फोनवरच्या गटात. मुख्य अभियंता ल्याव, चाळिशीचा, गुबगुबीत, दिवसभर कलिंगडाच्या बिया फोडणारा. त्याला लागलं की तो गटात लिहायचा, "बीयूनताई, तळघराचा नकाशा टाका ना." ही टाकायची. सहा महिन्यांनी तोच फोटो, वर जेवणाचे, नातवंडांचे आणि शुभ सकाळचे फोटो चढलेले, बोटाने खाली-खाली सरकवत ल्याव शोधून काढायचा आणि त्यावर काम करायचा. तळघरातली एक भिंत अशीच जुन्या फोटोवरून ओतली गेली. नळासाठी भोकच ठेवलं नाही. नवा नकाशा सिस्टिममध्ये कधीचा पडून होता, ल्यावच्या नावासमोर "पाहिला" अशी हिरवी खूणही होती. ती अर्थात बीयूनने केलेली. भिंत फोडताना ल्याव म्हणाला, "बघा, या सिस्टिमचा काही उपयोग नाही."

बीयून बिचारी होती असं कोणी समजू नये. तिला हे सगळं आवडायचं. आपल्याशिवाय यांचं पान हलत नाही, ही नशा दारूपेक्षा वाईट, आणि बायकांना ती लवकर चढते. तिची मुलगी पेइशान हिच्या लग्नाची मेजवानी चालू होती. माशाचं ताट आलं होतं, च्वांग साहेब व्यासपीठावर उभे राहून नवरीबद्दल भलंमोठं भाषण करत होते, आणि बीयून हॉलबाहेर जिन्यात उभी राहून साइटवरच्या कुणाला फोनवर सळयांचा आकडा सांगत होती. लेकीने ते पाहिलं. त्या दिवशी काही बोलली नाही.

बोलली ती या वर्षी, ताइनानहून, गरोदरपणाचा आठवा महिना लागल्यावर.

"आई, बाळंतपणानंतरचा महिना तू येणार आहेस का? मला सासू नाही, तुला माहितीय."

"अगं, हल्ली ती बाळंतिणींची केंद्रं असतात ना. अगदी हॉटेलसारखी..."

"मला हॉटेल नको. मला तुझ्या हातचं तिळाच्या तेलातलं कोंबडीचं सूप हवंय, आणि तू हवीस. त्या पाच म्हाताऱ्यांची आई झालीस तेवढी पुरे. येणार असलीस तर ये. नाहीतर मी पुन्हा कधी काही मागणार नाही."

पोरगी धमकी द्यायची नाही. तिने फक्त सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. "साहेब, एक महिना रजा हवी. मुलीचं बाळंतपण."

"महिना?" साहेबांनी किटली खाली ठेवली. "पुढच्या महिन्यात बक्षीस समारंभ, मग तपासणी. तू गेलीस तर सिस्टिम कोण उघडणार?"

"तुम्ही."

"चेष्टा करू नकोस. ती केंद्रं असतात ना, मुलीला ठेव तिथे. तपासणी झाली की बघू."

आपलंच वाक्य साहेबांच्या तोंडून ऐकून बीयूनचा चेहरा पडला. ती जागेवर येऊन बसली.

बक्षीस होतं सिस्टिमच्या उत्कृष्ट वापराचं. त्याआधी मुख्य कार्यालयाकडून एक प्रश्नावली आली होती : सिस्टिमविषयी तुमचं मत काय, सोपी वाटते का, कामात विश्वास वाढला का. प्रत्येकाने स्वतः भरायची.

"भरून टाक," साहेब म्हणाले होते. "सगळे 'अतिशय समाधानी'. माझं जरा एक पायरी खाली टाक, म्हणजे खरं वाटेल."

तिने पाच वेळा पाच पुरुषांचं समाधान भरलं. समारंभात साहेब बक्षिसाची काचेची ढाल हातात धरून म्हणाले, "या सिस्टिममुळे प्रत्येक निर्णय मी स्वतः पाहतो, स्वतः घेतो." टाळ्या पडल्या. बीयूनही वाजवत होती, पण वाजवता वाजवता तिचे हात थांबले.

गुरुवारी चार वाजता चहा सुरू झाला. ल्याव बिया फोडत बसला होता. बीयून नेहमीसारखी वाचू लागली.

"काँक्रीटच्या चाचणीचा अहवाल."

"हं."

"तिसऱ्या मजल्यावरच्या नळांचा सुधारित नकाशा."

"हं."

"श्यू बीयून, रजा, एक महिना, येत्या सोमवारपासून." आवाज वर नाही, खाली नाही. साधं, स्वच्छ वाचलं.

"हं."

ल्यावच्या हातातली बी हातातच राहिली. त्याने बीयूनकडे पाहिलं. बीयूनने त्याच्याकडे पाहिलं, अगदी तळघरातल्या त्या भिंतीकडे बघावं तसं. ल्यावने बी तोंडात टाकली.

"मंजूर करू ना, साहेब?"

"करून टाक म्हटलं ना. आणि पाणी आण गरम, हे निवलंय."

तिने बटण दाबलं, आणि पाणीही आणून दिलं. शेवटचं म्हणून.

सोमवारी ती ताइनानला मुलीच्या स्वयंपाकघरात उभी होती. नात तीन दिवसांची. तिळाच्या तेलात आल्याच्या चकत्या कडेने तपकिरी होत होत्या, आणि फोन वाजला.

"बीयून! कुठे आहेस तू?"

"ताइनानला, साहेब. रजेवर."

"रजा कोणी दिली?"

"तुम्ही. गुरुवारी, चहाच्या वेळी. तुमच्या नावासमोर हिरवी खूण आहे, उघडून बघा."

"मी कधी... ते मी ऐकलंच नाही!"

"मग तसं कळवा मुख्य कार्यालयाला. म्हणावं, मी न बघताच मंजूर करतो."

काचेची ढाल साहेबांच्या टेबलावर नेमकी समोरच असणार.

"बरं, बरं," साहेब शेवटी म्हणाले. आवाज एकदम लोण्यासारखा झाला होता. "राहा तू महिनाभर. पण तपासणीवाले उद्या येतायत गं. पासवर्ड काय आहे माझा?"

"पाचही जणांचा एकच आहे. पेइशान, आणि पुढे तिच्या जन्माचं वर्ष."

"थांब, लिहून घेतो. पेइ... शान." मग जरा थांबून, खरोखरच न कळून, "ही पेइशान कोण?"

बीयूनने गॅस बारीक केला. वीस वर्षं, तीन साइटी, हजारो "हं". क्षणभर तिला त्या माणसाचा राग आला. मग स्वतःचा त्याहून जास्त आला.

"माझी मुलगी," ती म्हणाली. "तिच्या लग्नात तुम्ही भाषण केलं होतंत."

फोन बंद करून तिने तो तांदळाच्या डब्यात खुपसला आणि कोंबडीचे तुकडे तेलात सोडले. आतल्या खोलीतून हाक आली, "आई, कोणाचा फोन होता?"

"कोणाचा नाही. पोरीला घेऊन पडून राहा, सूप आणते."