चोरखिसा

"परकर काढून दे," बाई म्हणाल्या. "शिवण तपासायची आहे."

दुबईतलं त्यांचं स्वयंपाकघर. बाई बारामतीच्या, मी तिथलीच, जळोचीची. मुलगी सांभाळायला त्यांनीच मला तिकडं नेलं होतं. सकाळी त्यांचं हिऱ्याचं कानातलं हरवलं. माझी पिशवी फरशीवर उलटी झाली, गादी उसवून झाली. आता अंगावरचंच उरलं होतं. मी दाराआड गेले, नुसती साडी गुंडाळली आणि परकर हातानं बाहेर दिला. त्यांची एक मैत्रीण चहाला आली होती, ती बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परकराला आतून खिसा होता, आईनं शिवलेला. आमच्याकडं बायका बाजाराला निघाल्या तरी असा खिसा असतो. निघताना आई म्हणाली होती, "परका मुलूख हाय. पासपोर्ट न् डोरलं हितं ठेव. कुणालाबी दावू नगं." डोरलं तिचंच, सोन्याचं, अडीनडीला म्हणून दिलेलं.

पासपोर्ट त्या खिशात टिकला फक्त विमानतळापासून घरापर्यंत. पोचताच बाईंनी मागून घेतला. "इथं चोऱ्या होतात गं. माझ्या कपाटात सुरक्षित राहील. तू काय परकी आहेस? घरचीच तू." घरची म्हटल्यावर मी विरघळले. आईनं परक्यांपासून जपायला सांगितलं होतं. आपल्याच माणसांबद्दल ती काही बोलली नव्हती.

"हे काय?" बाईंनी खिशात बोट घालून विचारलं.

"चोरखिसा," मी दाराआडून म्हणाले. आम्ही त्याला तेच म्हणतो.

बाई मैत्रिणीकडं बघून हसल्या. "ऐकलंस? स्वतःच्या तोंडानं सांगतेय."

डोरलं त्यांनी काढून घेतलं.

दुपारी कानातलं सापडलं. मुलीच्या मोज्यात. बाई म्हणाल्या, "सापडलं एकदाचं. चहा टाक." बस. एवढंच.

मी चहा टाकला नाही. त्यांच्या कपाटाला पाठ लावून फरशीवर बसले.

"माझा पासपोर्ट द्या."

"वेडी झालीस का? हरवशील."

"हरवू द्या. माझा हाय."

मुलगी रडत होती, तरी उठले नाही. संध्याकाळी साहेब कामावरून आले, त्यांनी कपाट उघडून पासपोर्ट माझ्या पुढ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी मला विमानात बसवलं. डोरलं बाईंनी तिकिटापोटी ठेवून घेतलं. कुंपणानंच शेत खाल्लं, सांगायचं कुणाला?

मी जिंकले असं कुणी समजू नये. जळोचीत माझ्याआधी चोरीची बातमी पोचली होती. "इस्तवाबिगर धूर निघतुय व्हय?" शेजारची आक्का मला ऐकू जाईल असं म्हणाली. आता बारामतीत मला कुणी घरकामाला घेत नाही. आई डोरल्याचं नाव काढत नाही. तेच जास्त लागतं.

एजंटानं मस्कतचं काम आणलंय, एका म्हातारीला सांभाळायचं. जाणार. इथं काही उरलं नाही. तिथं काही वेगळं घडेल अशी आशाही नाही. तिथंही कुणीतरी गोड बोलून हात पुढं करेलच.

काल आई पुन्हा परकर घेऊन बसली. मी तिच्या हातातून सुई घेतली आणि खिसा माझ्या कुर्त्यावर शिवला. बाहेरून. छातीवर.

"आगं, समद्यांना दिसंल की," आई म्हणाली.

"दिसू दे. चोर मी न्हाय. पासपोर्ट कुणी बी मागू दे, देणार न्हाय. घरची म्हनून मागितला, तर मुळीच न्हाय."