उगवण किती, डॉक्टर?

डॉ. मधुकर हिवाळे सरांच्या पहिल्याच भेटीत त्यांनी मला घालवून द्यायचा प्रयत्न केला होता. मेंदूविकार शिकायला मी जालन्यात त्यांच्याकडे आले, तर सर म्हणाले, "मूळपेशींवर काम करून राह्यलो. उंदीर सुधारले, माणसं अजून न्हाई. थांबायची तयारी हाय का?" मी हो म्हटले आणि त्यांच्या अमृतमहोत्सवापर्यंत थांबलेच आहे.

वडीगोद्रीच्या शिबिरात सरांनी एकदा भलतीच चूक केली. मूळपेशी समजावताना ते म्हणाले, "असं समजा, हे बियाणं हाय. मेंदूत पेरायचं." समोर बसलेले सगळे बीजोत्पादक शेतकरी. झाले! "उगवण किती?" "संकरित हाय का?" "पिशवीवर उगवणीचा टॅग असतो का?" एका आजोबांनी तर पेरणी खरिपात की रब्बीत, असेही विचारले. सरांनी प्रत्येकाला शांतपणे उत्तर दिले. उगवणीपुढे मात्र फळ्यावर लिहिले, 'उंदरात थोडी. माणसात तपासणी चालू.' सरांना खोटे बोलता येत नाही. लोक नाराज होऊन जातात आणि त्यांची बोलणी बाहेर बसलेली मी खाते.

शहागडला टायरचे दुकान चालवणारे सलीमभाई असेच नाराज होते. ते त्या शिबिरातही आले होते. त्यांच्या अब्बांना कंपवात, चहाची बशी ओठांपर्यंत जाईना. दूरच्या शहरातल्या एका दवाखान्याने मूळपेशींच्या इंजेक्शनने बरे करतो म्हणून सांगितले होते आणि त्यापायी सलीमभाईंनी शेत विकायला काढले होते. अब्बांना घेऊन ते सरांकडे आले.

"डॉक्टरसाब, तुम्ही न्हाई म्हणता. ते जल्दी या म्हणतेत."

"जा की. फक्त फोन लावून उगवण विचारा."

सलीमभाईंनी तिथेच स्पीकरवर फोन लावला. पलीकडून गोड आवाज आला, "शंभर टक्के गॅरंटी!"

सलीमभाईंनी फोन ठेवला. मग खुर्चीतले अब्बा खदखदून हसले. "बेटा, शंभर टक्के उगवण कोणत्या पिशवीवर पाहिली रे आजपर्यंत? चल घरी."

शेत वाचले. सरांनी गोळ्या बदलल्या, व्यायाम सुरू केले. अब्बा कंटाळा करतात हे कळल्यावर सर स्वतः शहागडला जाऊन, टायरवर बसून त्यांच्यासोबत हात वर-खाली करू लागले. ट्रकवाले गाड्या थांबवून बघत. सरांना त्याची लाज कधी वाटली नाही, मला वाटायची. आता त्या आठवणीने डोळे भरून येतात.

परवा सरांच्या या गौरवग्रंथासाठी मी अब्बांकडे शुभेच्छा मागायला गेले. हात अजून थरथरतो, पण बशी ओठांपर्यंत पोचते. थोडा चहा सदऱ्यावर सांडून ते म्हणाले, "लिहा, डॉक्टरसाब शंभर वर्षं..." आणि एकदम थांबले. "न्हाई, शंभर नका लिहू. ते बराबर टॅग मागतील. मंग असं लिहा, तुमचं 'अजून न्हाई' संपेपर्यंत जगा."

सर, आपणांस निरोगी दीर्घायुष्य लाभो. आम्ही गॅरंटी मागत नाही. थांबायची तयारी आहे.