दुसऱ्याच्या नावाची भांडी

जवळा बाजारच्या स्टँडवर कंडक्टरने दोनदा घंटी दिली, तरी आई एस.टी.च्या खिडकीखालून हलेना. मी बावीस वर्षांचा होतो आणि पुण्यातील एका वकिलांच्या कार्यालयात टंकलेखक म्हणून रुजू व्हायला निघालो होतो. आमच्या डब्याचे झाकण बसत नव्हते, म्हणून शेजारच्या गयावहिनींनी ऐन वेळी स्वतःचा पितळी डबा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरून दिला होता. आईने तो खिडकीतून आत सरकवला. निरोपाचे म्हणून ती एवढेच बोलली, "डबा लोकाचा हाय. परत आण. पण रिकामा आणू नको."

गल्लीतील वडीलधाऱ्यांनो, आणि माझ्यासारखेच त्या स्टँडवरून निघून पुण्याला, नांदेडला वा साता समुद्रापलीकडे स्थिरावलेल्यांनो, हे पत्र तुम्हा सर्वांस आहे. माझी पत्रे तुम्हांस अपरिचित नाहीत. त्यांत बहुधा तक्रार असते. याही पत्रात एक तक्रार आहे, परंतु ती माझ्याविरुद्ध आहे.

आईचे वर्षश्राद्ध झाले आणि दुसऱ्याच दिवशी मी घर रिकामे करायला घेतले. मुदत तीन दिवसांची. पुण्यात आमच्या सोसायटीचा नियमच आहे की जिन्यात चप्पलदेखील ठेवायची नाही, आणि तो नियम लेखी तक्रारी करून मीच अमलात आणवला आहे. अशा माणसाने त्या दोन खोल्यांकडे पाहिले. तळ गेलेल्या बादल्या, दोऱ्यांचे गुंडाळे, निकामी चाळण्या, बारदानाच्या घड्या, चिंध्यांत बांधलेल्या कसल्याशा बियांच्या पुरचुंड्या. एका बाईला एवढे कशासाठी लागत होते? मला संताप आला. तो इतका अवाजवी होता की मी एक गाठोडे उचलून अंगणात अक्षरशः भिरकावले. बाजारातून भंगारवाला बोलावला. रीतसर यादीही करायला घेतली: अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, मालक. मालकाच्या रकान्यात सर्वत्र आईचे नाव.

मांडणीवरच्या भांड्यांपाशी यादी अडली. एक पातेले उपडे केले, तर त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले नाव होते, गयाबाई. दुसरे उचलले, गयाबाई. वाडगे, तांब्या, लहान कढई. एकूण अकरा भांडी निघाली आणि अकराही शेजारची.

गयावहिनींशी माझा पत्रव्यवहार होता, पण तो नोटिसांचा. त्यांच्या पत्र्याच्या पन्हळीचे पाणी आमच्या परसात पडते, म्हणून गेल्या तीन वर्षांत मी त्यांना रजिस्टर पोस्टाने तीन नोटिसा पाठवल्या होत्या. आता उलटतपासणीच्याच सुरात मी भिंतीवरून हाक मारली. "वहिनी, तुमची भांडी आमच्या घरात कशी?"

त्या पदराला हात पुसत आल्या. आता सत्तरीच्या आहेत. भांडी पाहून हसल्या.

"कशी म्हंजे? भाजी आली, भांडं राहिलं."

"मग आईने परत का केली नाहीत?"

"रिकामं भांडं देऊ न्हाई म्हणायच्या. आन् त्यांच्यानं चूल होत नव्हती की हो भाऊजी. मी म्हणायची, द्या ना माय तसंच. न्हाईच ऐकल्या. म्हणायच्या, हात चालला की भरूनच देते."

मी न राहवून विचारले, "आणि माझ्या नोटिसा?"

"त्या व्हय! आमची सून पुष्पा वाचून दाखवायची. माय मुद्दाम येऊन बसायच्या ऐकायला. म्हणायच्या, रागात हाय म्हंजे पोरगं धडधाकट हाय." वहिनींनी एक वाडगे पुसून खाली ठेवले. "तुमी लिव्हायचे ना, सात दिवसांच्या आत? पुष्पानं ते वाचलं की माय विचारायच्या, सात दिवसांत येऊन राहिला का गं?"

भंगारवाला तोवर हसत होता. तोही थांबला.

चाळीस वर्षे मी कायद्याच्या कागदांत काढली आहेत. पुरावा नष्ट करण्याची घाई कोणाला असते, हे मला कोणी शिकवायला नको. त्या घरातली प्रत्येक बादली आणि प्रत्येक चिंधी माझ्या गैरहजेरीची साक्षीदार होती. मला घर स्वच्छ करायचे नव्हते. मला साक्षीदार नकोसे झाले होते. हे उमगले तेव्हा राग उतरला आणि ज्याला मी वर्षभर राग समजत होतो ते रडू आले. वहिनींनी तोंड फिरवून भांडी रचायला घेतली, यासाठी मी त्यांचा विशेष ऋणी आहे.

मोडकी खाट आणि गंजलेले पत्रे भंगारवाल्याला दिले. बादल्या गेल्या, चाळण्या गेल्या. टाकायचे ते टाकलेच, पण आता संतापाने नव्हे. भिरकावलेले गाठोडे मात्र मी अंगणातून परत आणले. त्यात आईच्या पुरचुंड्या होत्या. ओट्यावर बसून मी एकेक सोडत गेलो आणि वहिनी नुसत्या पाहून सांगत गेल्या. "हा घेवडा. हे गवारीचं. हा दोडका हाय, तुमच्या त्या नोटिशीतल्या पाण्यावरला. पन्हळीखालीच येल लावला होता मायनं. भांडाभांडी तुमची, दोडकी आमी खाल्ली!"

अकरा भांडी बियांनी भरली. तीन फेऱ्यांत मी ती स्वतः शेजारी पोहोचवली. एकही रिकामे गेले नाही. आईचा शब्द मी पाळला असे म्हणणार नाही. तिने जे साठवून ठेवले होते त्यानेच तो पाळला गेला. त्या तिन्ही नोटिसा मी या पत्राद्वारे बिनशर्त मागे घेत आहे. पन्हळ आहे तिथेच राहावी, अशी माझी विनंती आहे.

निघताना मी कबूल केले की पितळेचा एक डबा अजून पुण्यात आहे. त्यात मी पोस्टाची तिकिटे ठेवतो. कुरिअरने पाठवतो म्हणालो.

"काहून? कुरिअरवाल्याला मी जेवू घालू का?" वहिनी म्हणाल्या. "हातानं आणा."

काल तिकिटे एका पाकिटात काढून ठेवली. डबा चिंच लावून घासला आणि बाल्कनीत उपडा घातला आहे. त्यात काय भरून न्यावे, यावर घरात दोन दिवस वाद चालू आहे; पुण्याची कोणतीही मिठाई वहिनींच्या दशम्यांपुढे टिकेल असे मला वाटत नाही. पण वहिनींनी त्या बियांतून पेरलेला घेवडा या दोन महिन्यांत लागला असेल, दोडक्याचा वेल पन्हळीपर्यंत चढला असेल, आणि तिथे कोणीतरी माझी वाट पाहत आहे. मुदत मीच घातली आहे. सात दिवसांच्या आत येतो.