व्याप्तीबाहेरची विहीर

"कागद बाजूला ठेवा. जागा दाखवा."

आल्या आल्या सर हेच म्हणायचे. खुर्चीत बसायच्या आधी, चहा यायच्या आधी. मी आठवडाभर खपून लावलेली फाइल ते तळहाताने हळूच सरकवायचे आणि दाराकडे चालू लागायचे. पहिल्या वर्षी मला त्यांचा असा राग आला होता की विचारू नका.

मी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात नोकरी करते. कंपनीने वर्षभरात वीज-पाणी किती वापरलं, कचरा कुठे टाकला, कामगारांशी आणि शेजारच्या गावाशी कशी वागली, याचा अहवाल दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. आता स्वतःचं कौतुक कुणीही लिहील. म्हणून बाहेरच्या संस्थेचा माणूस येऊन तो तपासतो आणि शेवटच्या पानावर सही करतो. आमच्याकडे येणारा हा माणूस म्हणजे सर. साठीला टेकलेले, खांद्याला कापडी पिशवी, कानामागे पेन्सिल. तुमच्या पाहण्यातही असा कुणीतरी असेल, ज्याच्यासमोर थाप मारताना जीभ अडखळते.

विजेचं बिल दाखवलं तर सर मीटरपाशी जायचे. आकडे दिसत नव्हते म्हणून एकदा स्टुलावर चढले. स्टूल डुगडुगत होतं, मी खालून धरून उभी. वरून म्हणतात, "मॅडम, स्टूल सोडलंत तरी चालेल, पण आकडा लिहून घ्या."

झाडांचा किस्सा तर आमच्या कँटीनमध्ये अजून सांगतात. अहवालात मोठ्या साहेबांचा रोप लावतानाचा फोटो होता. सरांनी माळ्याला विचारलं, "हे झाड कुठंय?" माळी बिचारा त्यांना कुंपणापाशी घेऊन गेला. तिथे नुसता खड्डा. तीन वर्षांचे तीन फोटो जुळवून पाहिले, तर साहेब तेच, शर्ट वेगळे आणि खड्डाही तोच. सर पोट धरून हसले. "खड्डा मात्र छान जगलाय हो!" मग शांतपणे त्यांनी त्या वर्षीच्या झाडांचा आकडा खोडायला लावला. वरच्या मजल्यावर आदळआपट झाली, पण सर ढिम्म हलले नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांची भक्त झाले.

कंपनीचं जेवण ते घेत नसत. डबा घरचा, त्यांच्या उमेळे गावचा. त्यात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, असायची, त्यातली दोन न चुकता माझ्यासमोर ठेवायचे. त्यांची तिथे केळीची वाडी होती. "वाडी गेली, बिल्डिंग आली," ते एकदा म्हणाले. "आमची विहीर होती, ती बुजवली. पार्किंग केलंय. मी तिथे गाडी लावत नाही." हे बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते. मला तेव्हा वाटलं, हा माणूस आपला आहे.

आणि म्हणूनच मी त्यांना आमच्या गावच्या विहिरीबद्दल सांगितलं.

मी जूचंद्रची. कारखान्याची मागची भिंत आणि आमच्या आळीची विहीर यांत एक नालाच काय तो आडवा. दोन वर्षांपासून पाण्याला वास येत होता, भांड्यावर पिवळा थर बसत होता. बायका मला वाटेत धरून बोलायच्या आणि मी अहवालात 'गावाच्या तक्रारी' या रकान्यात शून्य लिहायची, कारण नोंदवही कोरी होती.

"तोंडी तक्रार मला दिसत नाही, मॅडम," सर म्हणाले. "लिहून द्यायला सांगा. कागद आला की मी जागेवर येतो."

मी अर्ज लिहून घरोघरी फिरले. बायका घाबरत होत्या, कारण निम्म्या घरांतली मुलं त्याच कारखान्यात कंत्राटावर. शेजारच्या काकीचा मुलगाही. काकी बराच वेळ पेन हातात धरून बसली.

"पोऱ्याला काय होनार नय ना गो?"

"मी आहे ना काकी. आणि ते सर तसले नाहीत."

तिने सही केली. तिचं बघून बाकीच्यांनी केली. अर्ज मी सरांच्या हातात दिला.

सर खरंच आले. बादली स्वतः ओढली, ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. आपली पाण्याची बाटली रिकामी करून विहिरीच्या पाण्याने भरली. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली, पेन्सिलीने जागा आणि वेळ लिहिली आणि पट्टी काकीपुढे धरली. जागेवरचा नमुना घेतला की जागेवरच्या माणसाची सही घ्यायची, ही त्यांची पद्धत. काकीने पदराला हात पुसून आपलं नाव लिहिलं.

"हे पाणी माझ्याबरोबर येतंय," सर म्हणाले. बायकांनी त्यांना शहाळं दिलं. शहाळं मात्र सर प्यायले.

दोन महिन्यांनी अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हिरवं पान. गावाच्या तक्रारी: शून्य. मी लिहिलेला आकडा वरच्या मजल्यावर बदलला होता. शेवटच्या पानावर सरांची सही, तीच वळणदार.

मी फोन लावला.

"मॅडम, काय तपासायचं ते ठरवणारं पत्र नीट वाचा. आम्ही फक्त वीज, पाणीवापर आणि कचरा तपासला. तक्रारी आमच्या व्याप्तीत नव्हत्या."

"होत्या, सर. आधीच्या पत्रात होत्या."

"नंतर सुधारित पत्र झालं. विहीर तशीही कंपनीच्या हद्दीबाहेर आहे."

"आणि बायकांचा अर्ज?"

"काम संपलं की मूळ कागद कंपनीला परत करायचे असतात. नियम आहे तो. केले."

कुणाला परत केले, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. कंत्राटदाराने काकीच्या मुलाला गेटवरच थांबवलं. "सध्या काम नाही," म्हणाला. अर्जावर पहिली सही काकीची होती.

सरांनी खोटं लिहिलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. फक्त आम्हाला रेघेबाहेर ठेवून रेघ मारली. खड्ड्यावर हसणारा तो माणूस खरा होता, हे मला आजही वाटतं आणि त्याचाच जास्त संताप येतो. लबाड माणसाच्या भरवशावर मी कुणाच्या दारात गेलेच नसते.

यंदा सर आले नाहीत. दुसरी संस्था आली. ती मुलं एसीत बसून स्कॅन मागतात, जागा विचारत नाहीत. त्यांच्यासाठी मीटिंग रूमचं कपाट रिकामं करताना खालच्या कप्प्यात, जुन्या अहवालांच्या गठ्ठ्यामागे, बाटली सापडली. झाकण तसंच घट्ट. तळाशी पिवळा गाळ. पट्टीवर काकीचं नाव, पेन्सिलीचं, अजून स्पष्ट. बाटली इमारतीबाहेरसुद्धा गेली नव्हती.

मी ती पर्समध्ये टाकून घरी आणली. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. गेटवरच्या त्या प्रकारानंतर ती माझ्याशी बोलली नव्हती. त्या दिवशी मान वर न करता म्हणाली,

"पोऱ्याचा काम जेला त जेला. पानी तरी पोचला का गो, तुजे सायबाला?"

मी पर्स छातीशी धरली.

"पोचलं, काकी," मी म्हटलं.