बहात्तर चाचा आणि दहा हजार ऐंशी

सुरतेतली माझी नोकरी वाचवली ती कबनूरच्या बहात्तर चाचांनी. त्यांना हे अजून ठाऊकही नाही.

चाचा वार्पिंगवाले, म्हणजे कापडाचे उभे धागे बीमवर, मागाच्या लांब रुळावर, चढवणारे. खरं नाव फक्त रेशन कार्डावर. दहा हजार ऐंशी धाग्यांचा बीम आला की गडी खुलायचा. "ह्याला बहात्तर आकडे भागतात, पोरी. ह्याच्याहून ल्हान आकड्यात असा दिलदार दुसरा न्हाय. एकापासनं धापर्यंत कुणालाबी रिकाम्या हातानं धाडत न्हाय." मग ते बहात्तरच्या बहात्तर म्हणून दाखवायचे. समोरचा चहा गार व्हायचा.

मी गगनबावड्याची, सातवीत शाळा सुटलेली, सुताच्या कोनांचे तुटलेले धागे जोडायला चाचांच्या खात्यात लागलेली. भागाकारात कच्ची. एकदा धीर करून म्हटलं, "अकरानंबी जाईल की!" सगळं खातं हसलं. चाचा तेवढे गंभीर. "अकरा पावणं हाय. चार उरवून जातं. करून बघ." मी जमिनीवर खडूनं केलं. खरंच, चार!

"चाचा, हिला मास्तरीण करताय व्हय?" एक जण ओरडला.

"व्हय की! तू धावी होऊन बोटंच मोजतोस न्हवं?"

त्यांचा एकच हट्ट. "आधी आकडा तोडून बघ, मग धागा जोड." ऑर्डरची चिठ्ठी कुणाचीही असो, धाग्यांचा आकडा मोठ्यानं म्हणायचे, तोडायचे, म्हणजे कशाकशानं भागतो ते बघायचे, मगच धागे गुंडाळायच्या ड्रमला हात.

लग्नानंतर सुरतेला आले. मोठ्या कारखान्यात आठ दिवसांच्या बोलीवर ठेवलं. सातव्या दिवशी पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची चिठ्ठी आली: धागे दहा हजार वीस, दर छत्तीस धाग्यांनी नक्षी पुन्हा सुरू. सवयीनं अंकांची बेरीज केली. एक आणि दोन, तीन. बेरीज नवाच्या पाढ्यात नाही, म्हणजे आकडा नवानंच जात नाही, मग छत्तिसानं कुठून जाणार? बोलावं तर उद्या घरी, गप्प बसावं तर शेवटचा पट्टा अर्धवट.

"साहेब, बारा धागे उरतील."

सुपरवायझर खानदेशी. "ताई, आकडा कंप्यूटरनं काढलाय. शाळा किती?"

"सातवी. पण कापड त्रेसष्ट इंच रुंद, इंचाला एकशेसाठ धागे. दहा हजार ऐंशी हवेत. छत्तिसानं बरोबर दोनशे ऐंशी नक्ष्या."

त्यांनी मोबाईलवर गुणलं. पुन्हा गुणलं. मग ऑफिसात गेले आणि आठाच्या जागी दोन टाइप करणाऱ्याला हाताला धरून घेऊन आले. "ह्यांना विचारत जा," म्हणाले. आठवा दिवस मोजायची वेळच आली नाही. आता प्रत्येक चिठ्ठी आधी माझ्याकडं येते आणि मी आकडा मोठ्यानं म्हणते. पोरं हसतात. हसू देत.

चाचांना आता मोतीबिंदूमुळं धागा दिसत नाही, असं कळलं. त्या बीमचं शर्टापुरतं कापड मी मागून ठेवलंय. दोन्ही काठांना पट्टा पुरा. गावी जाईन तेव्हा त्यांच्या मापाचा शर्ट स्वतः शिवून अंगावर घालीन. मग समोर बसून बहात्तर भाजक पहिल्यापासून शेवटपर्यंत मी म्हणीन, आणि चाचांनी तेवढा चहा गरम प्यायचा.

अकराचं नाव काढणार नाही. शब्द देते.