निरोध म्हणणारे काका

काका 'निरोध' हा शब्द 'मीठ' म्हटल्यासारखा म्हणत. अगदी जेवणाच्या पंगतीतसुद्धा. त्यांच्या वारज्याच्या घरी, वरच्या खोलीत मी आणि माझा मित्र संदीप भाड्याने राहायचो. दोघेही नव्याने निघालेल्या कॉल सेंटरमध्ये. फोनवर परक्या माणसांशी आम्ही काहीही बोलायचो, पण काकांनी तो शब्द उच्चारला की आमच्या माना खाली जात.

काका आरोग्य खात्यात होते. स्वारगेट स्टँडवरचं निरोधचं मशीन दर सोमवारी भरणं हे त्यांचं काम. मशीन 'दर्शनी भागात लावावे' असा लेखी हुकूम, म्हणून ते चौकशीच्या खिडकीसमोर, ऐन रांगेच्या तोंडावर. काकांनी ते कोपऱ्यात हलवायला तीनदा अर्ज केला. पोरं लाजतात, असं कारण दिलं. साहेब म्हणाले, लाजणाऱ्यांनी घरी बसावं.

आम्ही त्यांची थट्टा करायचो. ते चिडत नसत. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणत, "हसता काय? दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि तिसरं सत्य म्हणजे निरोध. दुःखाचा शेवट. सरकारने चुकून नाव बरोबर ठेवलंय."

मी तरी कुठे शूर होतो? औषधाच्या दुकानात शिरायचो आणि मागे कोणी उभं असलं की डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन परत यायचो. त्या गोळ्यांनी माझा खण भरला होता.

मग संदीपचा ताप हटेना. रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्याच्या घरच्यांनी येणं बंद केलं. दवाखान्यात डबा काका न्यायचे. एका दुपारी माझ्यासमोरच त्यांनी हळू आवाजात विचारलं, "अरे, मशीन होतं ना?"

संदीप भिंतीकडे बघत म्हणाला, "दोनदा गेलो होतो, काका. आमची सुट्टी सोमवारची. दोन्ही वेळा तुम्हीच तिथे होतात. तुमच्यासमोर कसं घेणार?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

संदीप चार महिन्यांत गेला. त्यानंतर काकांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नाही. विहारात सगळे चार सत्यं म्हणत, तेव्हा तिसऱ्याशी ते ओठ मिटून थांबत आणि चौथ्याला पुन्हा सुरात मिसळत. मला ते बघवत नसे. तसेच एक दिवस तेही गेले.

माझा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. आज त्याच्याशी बोलायचंच, असं ठरवून मी रोज जेवायला बसतो. तो मान वर करून माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे मीठ मागतो.